ईमॅक्समध्ये टॅब आणि टूलबार आपल्या कामाप्रमाणे कसे घडवावेत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. दुसऱ्या एका एडिटरची सवय असताना आपण ईमॅक्सकडे वळला आहात. प्रत्येक उघड्या फाइलचा एक टॅब वर दिसावा, पायथनचा प्रकल्प आणि ऑर्ग-मोडमधली (ईमॅक्समधल्या टिपणे लिहिण्याच्या सोयीतली) मराठी टिपणे यांची सरमिसळ होऊ नये, आणि टूलबारवरची ठरावीक चित्रे जाऊन तिथे ऑर्गमध्ये लागणारी स्वतःची तीन-चार बटणे यावीत, अशी आपली अपेक्षा आहे. टॅब-बार-मोड चालू केल्यावर नवी फाइल उघडूनही नवा टॅब येत नाही आणि इनिट फाइलमधल्या, म्हणजे ईमॅक्स सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या सेटिंगच्या फाइलमधल्या, काही ओळींचा परिणामच दिसत नाही, हे आपण कळवले आहे. या सगळ्या अडचणींची मुळे एकाच ठिकाणी आहेत. ईमॅक्समध्ये टॅब आणि टूलबार ही मांडणी करण्याची उपकरणे नसून प्रोग्रामने घडवायची रचना आहे, आणि त्या रचनेत टॅब म्हणजे काय हे आपण आधी ठरवावे लागते.

कमांड आणि व्हेरिएबल यांची नावे मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि मधल्या आडव्या रेघांसह लिहावीत. उत्तर 29व्या आवृत्तीला धरून आहे, कारण त्याआधीच्या आवृत्तींत यातल्या काही सोयी नाहीत. 30व्या आवृत्तीत आलेली भर त्या त्या ठिकाणी सांगितली आहे.

ऑगस्ट 2020 मध्ये 27.1 ही आवृत्ती येईपर्यंत ईमॅक्समध्ये टॅब हवे असतील तर बाहेरची पॅकेजेस घ्यावी लागत. त्यांचे सरळसरळ दोन वर्ग होते. टॅबबारसारखी पॅकेजेस प्रत्येक बफरला एक टॅब देत, तर ईएलस्क्रीन किंवा आयब्राउझसारखी पॅकेजेस पडद्यावरच्या विंडोंची संपूर्ण मांडणी जपून ठेवत आणि एका मांडणीतून दुसरीत जाऊ देत. 27.1 मध्ये हे दोन्ही विचार ईमॅक्सच्या गाभ्यात आले, पण एकत्र करून नव्हे, तर दोन स्वतंत्र सोयींच्या रूपाने. पहिली टॅब-बार आणि दुसरी टॅब-लाइन. आपण पहिली चालू केलीत आणि दुसरीकडून असणारी अपेक्षा तिच्याकडून केलीत, एवढाच घोटाळा झाला आहे.

टॅब-बार फ्रेमच्या माथ्यावर असते. ईमॅक्सच्या परिभाषेत फ्रेम म्हणजे डेस्कटॉपवर दिसणारी संपूर्ण चौकट, विंडो म्हणजे त्या चौकटीतला एक कप्पा आणि बफर म्हणजे त्या कप्प्यात दाखवला जाणारा मजकूर. टॅब-बारमधला एक टॅब म्हणजे विंडोंची एक मांडणी, अर्थात कोणते कप्पे, कोणत्या आकाराचे, प्रत्येकात कोणता बफर आणि त्यात कर्सर कुठे, हे सगळे. त्यामुळे फाइल उघडली की ती चालू टॅबमधल्या चालू विंडोत उघडते, आणि नवा टॅब येण्याचे काही कारण उरत नाही. टॅब-लाइन मात्र प्रत्येक विंडोच्या वर स्वतंत्रपणे दिसते आणि त्या विंडोत आजवर दाखवलेल्या बफरांची रांग लावते. दुसऱ्या एडिटरमध्ये आपण ज्याला टॅब म्हणत होता, त्याच्या जवळ जाणारी गोष्ट ही आहे.

माझे मत स्पष्ट सांगतो. टॅब-बार ही ईमॅक्समधल्या अलीकडच्या काळातल्या सर्वांत उपयोगी सोयींपैकी एक आहे आणि ती प्रत्येकाने वापरावी. टॅब-लाइन सवय होईपर्यंत आधार म्हणून चांगली आहे, परंतु उघड्या फाइलींची संख्या वाढू लागली की त्या रांगेतली नावे वाचण्यापेक्षा कंट्रोल-एक्स बी (बफर बदलण्याची कळ) दाबून दोन अक्षरे लिहिणे नेहमीच लवकर होते. तरीही सवयीला मान द्यावा, दोन्ही चालू ठेवाव्यात आणि काही महिन्यांनी टॅब-लाइनकडे आपली नजर किती वेळा जाते ते पाहून निर्णय घ्यावा.

आता टॅब-बारचे तपशील. तिच्या सर्व कमांड कंट्रोल-एक्स टी या उपसर्गाखाली आहेत आणि विंडोंच्या कमांड ठाऊक असणाऱ्याला त्या वेगळ्या शिकाव्या लागत नाहीत. कंट्रोल-एक्स टी 2 ने नवा टॅब, टी 0 ने चालू टॅब बंद, टी 1 ने बाकीचे सगळे बंद, टी ओ ने पुढचा टॅब. टी एफ ने फाइल वेगळ्या टॅबमध्ये उघडते, टी बी ने बफर, टी डी ने डिरेक्टरी. टी आर ने टॅबला नाव देता येते आणि टी एंटरने नाव लिहून हव्या त्या टॅबवर जाता येते. प्रकल्प वेगळ्या टॅबमध्ये उघडायचा असेल तर टी पी आहे. आपल्या पायथनच्या कामाची सुरुवात रोज हिनेच करावी, असे मी सुचवीन.

टॅब बंद केला तरी त्यातले बफर बंद होत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. टॅब मांडणी जपतो, बफरांची मालकी घेत नाही. बफरांची यादी सर्व टॅबांना सामाईक असते, आणि एकच बफर एकाच वेळी अनेक टॅबांमध्ये असू शकतो. बफरही टॅबनुसार वेगळे हवे असतील तर टॅबस्पेसेससारखे बाहेरचे पॅकेज घ्यावे लागते. पण आपल्या वर्णनावरून तशी गरज दिसत नाही. तसेच टॅबांची यादी फ्रेमनिहाय असते, त्यामुळे दुसरी फ्रेम उघडली तर तिथे पहिल्या फ्रेमचे टॅब दिसणार नाहीत. तो दोष समजू नये.

काही ओळींचा परिणाम होत नाही, या तक्रारीकडे आता वळतो, कारण टॅब आणि टूलबारच्या बाबतीत नव्या वापरकर्त्यांचा सर्वाधिक वेळ इथेच जातो. ईमॅक्समधल्या कस्टमाइझ होणाऱ्या अनेक व्हेरिएबलांना एक सेटर फंक्शन जोडलेले असते. किंमत बदलली की पडद्यावर किंवा कळांवर जो बदल व्हायला हवा, तो हे फंक्शन करते. ‘सेटक्यू’ केवळ किंमत लिहिते आणि सेटरला हाकच मारत नाही. आपण ‘टॅब-बार-सिलेक्ट-टॅब-मॉडिफायर्स’ या व्हेरिएबलमध्ये सेटक्यूने मेटा (बहुतेक कीबोर्डवर ऑल्ट ही कळ) लिहिले आहे, आणि तेही टॅब-बार-मोड चालू झाल्यानंतरच्या ओळीत. या व्हेरिएबलचा सेटर मेटा-1, मेटा-2 अशा कळा टॅबांना बांधतो, पण तो धावलाच नाही, म्हणून व्हेरिएबलमध्ये किंमत बरोबर दिसते आणि कळा मात्र काम करत नाहीत. ‘टॅब-बार-शो’ या व्हेरिएबलचे नेमके असेच होते. 29व्या आवृत्तीपासून ‘सेटऑप्ट’ हा मॅक्रो उपलब्ध आहे. तो सेटर चालवतो आणि किंमत अपेक्षित प्रकारची नसेल तर इशाराही देतो. त्याआधीच्या आवृत्तीत ‘कस्टमाइझ-सेट-व्हेरिएबल’ वापरावे. कस्टमाइझ होणारे व्हेरिएबल असेल तर सेटऑप्ट आणि स्वतः जाहीर केलेले असेल तर सेटक्यू, हा नेम इनिट फाइलभर पाळला की अशा तक्रारी जवळजवळ संपतात.

सेटऑप्टने बदलाव्यात अशा गोष्टी माझ्या मते चार आहेत. ‘टॅब-बार-शो’ला 1 ही किंमत दिली की एकच टॅब असताना पट्टी लपते आणि दुसरा टॅब आला की दिसते. लहान पडद्यावर हे सोयीचे आहे. ‘टॅब-बार-टॅब-हिंट्स’ चालू केले की प्रत्येक टॅबच्या नावाशेजारी त्याचा क्रमांक दिसतो, आणि वर सांगितलेल्या मॉडिफायरसोबत तोच अंक दाबला की त्या टॅबवर जाता येते. शून्य दाबले तर नुकत्याच सोडलेल्या टॅबवर परत येता येते. मेटा-अंक या कळा मुळात कमांडला संख्या पुरवण्यासाठी असतात, पण कंट्रोल-अंक तेच काम करतात, म्हणून काही गमावत नाही. तिसरी गोष्ट ‘टॅब-बार-न्यू-टॅब-चॉइस’. मुळात नवा टॅब चालू बफरच घेऊन उघडतो. इथे एखाद्या बफरचे नाव स्ट्रिंग म्हणून दिले, उदाहरणार्थ तारांकित स्क्रॅच बफरचे, तर प्रत्येक नवा टॅब कोऱ्या जागेपासून सुरू होतो. चौथी, ‘टॅब-बार-टॅब-नेम-फंक्शन’, जिने टॅबचे नाव कसे ठरावे हे ठरते. आपण नावे हाताने देणार असाल तर तिला हात लावू नये, कारण दिलेले नाव या फंक्शनवर मात करतेच.

नावे देवनागरीत जरूर द्यावीत. टी आर दाबल्यावर खाली नाव विचारले जाते. तिथे कंट्रोल-बॅकस्लॅश दाबून देवनागरी-इनस्क्रिप्ट किंवा देवनागरी-आयट्रान्स ही इनपुट पद्धत चालू करता येते. 27.1 पासून ईमॅक्स अक्षरजुळणीसाठी हार्फबझ हे लायब्ररी वापरू लागले, त्यामुळे जोडाक्षरे टॅबवरही नीट जुळून येतात. दोन गोष्टींची काळजी घ्यावी. टॅब-बारचा फेस (फाँट आणि रंगांची ठेवण) मुळात प्रमाणानुसार रुंदी बदलणाऱ्या फाँटवरून वारसा घेतो, म्हणून मजकुरासाठी आपण निवडलेला देवनागरी फाँट तिथे लागेलच असे नाही. ‘सेट-फाँटसेट-फाँट’ने देवनागरी लिपीसाठी फाँट ठरवून द्यावा. दुसरे म्हणजे, 29व्या आवृत्तीपासून ‘टॅब-बार-ऑटो-विड्थ’ टॅबांची रुंदी सारखी राखते आणि लांब नाव शेवटी कापते. ‘टिपणे’, ‘संकेतस्थळ’, ‘हिशेब’ अशी आखूड नावे ठेवली की हा प्रश्नच येत नाही. रंग, कडा आणि बंद करण्याचे लहान बटण यांविषयी फार लिहीत नाही. आपली थीम टॅब-बारचे फेस ठरवत असेल तर तेच राहू द्यावेत.

माऊसच्या चाकाबद्दल मात्र सांगितले पाहिजे. माऊसचा बाण टॅब-बारवर असताना चाक फिरवले की टॅब बदलतात, आणि लॅपटॉपच्या टचपॅडवर बोट जरा घसरले तरी एकामागून एक टॅब पालटत जातात. हे नको असेल तर ‘टॅब-बार-मॅप’ या कीमॅपमधून (कळ आणि कमांड यांच्या जोड्यांच्या यादीतून) व्हील-अप आणि व्हील-डाउन यांची बांधणी ‘कीमॅप-अनसेट’ने काढून टाकावी.

आता सरमिसळ टाळण्याचा मुद्दा, जो मला आपल्या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक वेळी आठवणीने योग्य टॅबवर जाऊन फाइल उघडावी, अशी शिस्त कोणाकडूनही फार काळ पाळली जात नाही. ही शिस्त ईमॅक्सवरच सोपवता येते. ‘डिस्प्ले-बफर-अलिस्ट’ या व्हेरिएबलमध्ये नियम लिहिता येतात. नियमाच्या पहिल्या भागात कोणता बफर, दुसऱ्यात तो दाखवण्याची कृती, आणि त्यापुढे त्या कृतीचे तपशील. 29व्या आवृत्तीत पहिल्या भागात डिराइव्ह्ड-मोडची अट लिहिता येते, म्हणजे ‘ऑर्ग-मोडमधला कोणताही बफर’ असे सांगता येते. कृती म्हणून ‘डिस्प्ले-बफर-इन-टॅब’ आणि तपशील म्हणून टॅब-नेमसमोर ‘टिपणे’ ही स्ट्रिंग द्यावी. त्या नावाचा टॅब असेल तर ईमॅक्स तिथे जाते, नसेल तर तयार करते. कंट्रोल-एक्स बी ही कमांड मुळात हे नियम पाळत नाही. तिनेही पाळावेत यासाठी ‘स्विच-टू-बफर-ओबे-डिस्प्ले-ॲक्शन्स’ला टी (म्हणजे ‘होय’) ही किंमत द्यावी. एवढे केले की पायथनच्या टॅबमध्ये असताना टिपणांची फाइल उघडली तरी ईमॅक्स आपोआप टिपणांच्या टॅबवर जाते आणि पायथनची मांडणी जशीच्या तशी मागे राहते.

या नियमाला एक अपवाद लगेच जोडावा लागतो. ऑर्ग-कॅप्चर हेही ऑर्ग-मोडमधलाच तात्पुरता बफर उघडते आणि त्याचे नाव ‘कॅप्चर’ या शब्दाने सुरू होते. तो वरच्या नियमात सापडला तर कोड लिहिता लिहिता एक ओळ टिपून घेण्याच्या वेळी आपण भलत्याच टॅबवर पोहोचतो. म्हणून अटीत ‘अँड’ आणि ‘नॉट’ वापरावे, म्हणजे ऑर्ग-मोड असावा आणि नाव कॅप्चरने सुरू होणारे नसावे. अटी अशा जोडण्याची सोयही 29व्या आवृत्तीतलीच आहे. त्याच धर्तीवर इन्फो मॅन्युअलच्या बफरसाठी ‘मॅन्युअल’ नावाचा टॅब ठेवला तर वाचता वाचता मांडणी विस्कटत नाही. मी स्वतः एवढे दोनच नियम ठेवतो. नियम वाढले की कोणता बफर कुठे जाईल याचा अंदाज बांधणे अवघड होत जाते.

टॅब-लाइनसाठी बरेच जण ‘ग्लोबल-टॅब-लाइन-मोड’ चालू करतात. त्यामुळे मदतीच्या, संदेशांच्या, कंपायलेशनच्या अशा सगळ्याच विंडोंवर पट्टी येते आणि मग ‘टॅब-लाइन-एक्सक्लूड-मोड्स’मध्ये एकेक नाव घालत बसावे लागते. त्यापेक्षा टॅब-लाइन-मोड प्रोग-मोड (कोडसाठी) आणि टेक्स्ट-मोड (मजकुरासाठी) यांच्या हुकमध्ये, म्हणजे मोड चालू होताना धावणाऱ्या फंक्शनांच्या यादीत, घालावा. ऑर्ग-मोड टेक्स्ट-मोडवरूनच उतरला असल्याने तोही त्यात येतो. रांगेत कोणते बफर दिसावेत हे ‘टॅब-लाइन-टॅब्स-फंक्शन’ ठरवते. मुळात ती त्या विंडोतल्या बफरांचा इतिहास दाखवते. ‘टॅब-लाइन-टॅब्स-मोड-बफर्स’ दिले तर चालू बफरच्याच मेजर मोडमधले (म्हणजे त्याच प्रकारच्या मजकुराचे) बफर दिसतात, आणि आपल्यासारख्या पायथन व ऑर्ग अशा दोन स्वच्छ कप्प्यांच्या कामात हीच निवड सर्वांत जवळची आहे. यापुढे जायचे असेल तर बफर-ग्रुप्सची निवड करून बफर घेणारे आणि गटाचे नाव परत देणारे स्वतःचे फंक्शन लिहिता येते. टॅबवरच्या फुलीने बफर मुळात बंद होत नाही, केवळ मागे टाकला जातो. तो खरोखर बंद व्हायला हवा असेल तर ‘टॅब-लाइन-क्लोज-टॅब-फंक्शन’ला किल-बफर द्यावे. मी मात्र मूळची वागणूकच राहू द्यावी असे म्हणेन, कारण दुसऱ्या टॅबमध्ये तोच बफर दिसत असेल तर तिथली विंडो अकारण रिकामी होते. 30व्या आवृत्तीत अशा रिकाम्या झालेल्या विंडोत त्या जागी पूर्वी काय होते हे सांगणारा बफर दिसण्याची सोय झाली आहे.

आता टूलबार. ती म्हणजे एक कीमॅप आहे. कळ आणि कमांड यांची सांगड जशी कीमॅपमध्ये असते, तशीच बटण आणि कमांड यांची सांगड ‘टूल-बार-मॅप’ या व्हेरिएबलमधल्या कीमॅपमध्ये असते, आणि बटणाचे चित्र, सूचना, चालू-बंद स्थिती हे सगळे त्या नोंदीला जोडलेले गुणधर्म असतात. हे कळले की टूलबार बदलण्यासाठी वेगळे काही शिकावे लागत नाही. मूळ टूलबारवरचे एखादे बटण नको असेल तर त्याच्या चिन्हासमोर डिफाइन-कीने निल (म्हणजे ‘काही नाही’) बांधावे. न्यू-फाइल, ओपन-फाइल, डायरेड, किल-बफर, सेव्ह-बफर, अनडू, कट, कॉपी, पेस्ट आणि आयसर्च-फॉरवर्ड अशी ही चिन्हे आहेत. कोणत्या बटणामागे काय आहे हे पाहायचे असेल तर कंट्रोल-एच के दाबून त्या बटणावर क्लिक करावे. कळेप्रमाणेच बटणाचेही वर्णन मिळते.

ऑर्गसाठी वेगळी बटणे हवी असतील तर सामाईक टूलबारमध्ये भर घालू नये. एक कोरा कीमॅप ‘मेक-स्पार्स-कीमॅप’ने तयार करून स्वतःच्या व्हेरिएबलमध्ये ठेवावा आणि त्यात ‘टूल-बार-लोकल-आयटेम’ने एकेक बटण घालावे. या फंक्शनला क्रमाने चित्राचे नाव, कमांड, बटणाचे चिन्ह, कीमॅप आणि मग गुणधर्म द्यायचे असतात. ते प्रत्येक नवी नोंद शेवटी जोडते, म्हणून ज्या क्रमाने ओळी लिहाल त्याच क्रमाने बटणे दिसतात. थेट डिफाइन-की वापरली तर क्रम उलटा लागतो. आपल्या कामासाठी मी निर्यातीचे एक बटण (ऑर्ग-एक्सपोर्ट-डिस्पॅच), चौकटीतली खूण बदलण्याचे एक (ऑर्ग-टॉगल-चेकबॉक्स), शुद्धलेखन तपासण्याचे एक (आयस्पेल-बफर) आणि लांब ओळी दुमडण्याचे एक (व्हिज्युअल-लाइन-मोड) असे चार ठेवीन. मग ऑर्ग-मोड-हुकमध्ये एक नाव असलेले फंक्शन घालावे, आणि त्यात ‘सेटक्यू-लोकल’ने टूल-बार-मॅप हे व्हेरिएबल त्या बफरपुरते आपल्या कीमॅपवर वळवावे. इन्फो-मोड स्वतः नेमके हेच करतो. कीमॅप हुकच्या आत तयार करू नये, नाहीतर प्रत्येक फाइल उघडताना तो नव्याने बनत राहतो.

मूळ बटणे कायम ठेवून त्यांच्यापुढे आपली बटणे हवी असतील, तर टूल-बार-मॅपच्या सामाईक किमतीची ‘कॉपी-कीमॅप’ने नक्कल करून तिच्यात भर घालावी. यात एक खाचखळगा आहे. टूलबार बंद ठेवून ईमॅक्स सुरू केले असेल तर हा सामाईक कीमॅप रिकामाच असतो. टूल-बार-मोड पहिल्यांदा चालू होतो तेव्हा तो भरला जातो. त्यामुळे नक्कल करणारी ओळ टूल-बार-मोड चालू करणाऱ्या ओळीच्या खाली असली पाहिजे.

गुणधर्मांपैकी ‘लेबल’ आणि ‘हेल्प’ यांत मराठी मजकूर निःसंकोच लिहावा. माऊस बटणावर थांबवला की हेल्पमधला मजकूर दिसतो. ‘एनेबल’मध्ये एक अट लिहिता येते, आणि ती खोटी असताना बटण फिके दिसते. खुणेच्या बटणासाठी ‘ऑर्ग-ॲट-आयटेम-चेकबॉक्स-पी’ ही अट अगदी योग्य आहे, म्हणजे कर्सर चौकटीच्या ओळीवर असतानाच ते बटण दाबता येते. ‘व्हिजिबल’ची अट खोटी ठरली तर बटण नाहीसेच होते. पण मग शेजारची बटणे सरकतात आणि हाताला जागा सापडत नाही, म्हणून मी एनेबललाच पसंती देतो. चालू-बंद होणाऱ्या मोडसाठी ‘बटन’ या गुणधर्मात टॉगल आणि त्या मोडचे व्हेरिएबल यांची जोडी द्यावी. या अटी क्वोट करून, म्हणजे आधी एकेरी अवतरणचिन्ह लावून, लिहाव्यात, नाहीतर त्या बटण तयार होताना एकदाच तपासल्या जातात. आणि त्या हलक्या असाव्यात. पडदा रंगवताना ईमॅक्स त्या वारंवार तपासते, म्हणून एनेबलमध्ये संपूर्ण फाइल चाळणारे किंवा बाहेरचा प्रोग्राम चालवणारे काही लिहिले, तर प्रत्येक अक्षर टाइप करताना एडिटर अडखळतो आणि दोष भलत्याच पॅकेजला दिला जातो.

चित्रासाठी केवळ नाव द्यावे, एक्स्टेन्शन देऊ नये. ईमॅक्सच्या स्वतःच्या ईटीसी डिरेक्टरीतल्या इमेजेस या फोल्डरमध्ये स्पेल, प्रिंट, रिफ्रेश, प्रेफरन्सेस अशी पुष्कळ तयार चित्रे आहेत. स्वतःची चित्रे असतील तर त्यांचे फोल्डर ‘इमेज-लोड-पाथ’मध्ये घालावे. नावावरून शोधताना ईमॅक्स एक्सपीएम, पीबीएम आणि एक्सबीएम या स्वरूपांतली चित्रे शोधते, म्हणून पीएनजी किंवा एसव्हीजी चित्र असेल तर ते इमेज या गुणधर्मातून थेट द्यावे. लिनक्सवरच्या जीटीके (खिडक्या आणि बटणे दाखवणारी लायब्ररी) वापरणाऱ्या बांधणीत काही चित्रांच्या जागी डेस्कटॉपच्या थीममधली चित्रे येतात, तेव्हा घरच्या आणि कार्यालयातल्या संगणकावर एकच बटण वेगळे दिसले तर नवल वाटू देऊ नये. याच बांधणीत ‘टूल-बार-स्टाइल’ला टेक्स्ट ही किंमत देऊन चित्रांऐवजी लेबले दाखवता येतात. ‘निर्यात’, ‘खूण’, ‘शुद्धलेखन’ असे शब्द थेट दिसणे हे अनोळखी चित्रापेक्षा अधिक स्पष्ट असते, आणि मराठीत काम करणाऱ्याने ही सोय नक्की पाहावी.

एकाच फ्रेममध्ये डावीकडे पायथन आणि उजवीकडे ऑर्ग असेल तर टूलबार निवडलेल्या विंडोप्रमाणे बदलत राहते, आणि काही जणांना हे सततचे बदलणे नकोसे वाटते. फेब्रुवारी 2025 मध्ये आलेल्या 30.1 मध्ये ‘विंडो-टूल-बार-मोड’ आहे. तो त्या त्या विंडोच्या माथ्यावर स्वतंत्र टूलबार दाखवतो. मात्र तो टॅब-लाइनचीच जागा वापरतो, म्हणून एका विंडोत दोघांपैकी एकाचीच निवड करावी लागते.

टर्मिनलमध्ये टूलबार दिसत नाही, आणि आपण सर्व्हरवर एसएसएचने काम करता असेही लिहिले आहे. तिथे टॅब-बार कामी येते, कारण तीही आतून एक कीमॅपच आहे. 28.1 पासून ‘टॅब-बार-फॉरमॅट’ या व्हेरिएबलमध्ये पट्टीवर काय काय असावे याची फंक्शनांची यादी असते: मागे-पुढे जाण्याची बटणे, टॅब, दुभाजक, नव्या टॅबचे अधिक चिन्ह. या यादीत स्वतःचे फंक्शन घालता येते. त्याने मेन्यू-आयटेमची यादी परत द्यायची असते. प्रत्येक आयटेमात एक चिन्ह, दिसणारी स्ट्रिंग, कमांड आणि हेल्प, म्हणजे टूलबारच्या नोंदीसारखेच सगळे, फक्त चित्राच्या जागी मजकूर. ‘टिपण’ ही स्ट्रिंग आणि ऑर्ग-कॅप्चर ही कमांड असलेला एक आयटेम परत देणारे तीन ओळींचे फंक्शन पुरते. यादीत त्याच्या आधी ‘टॅब-बार-फॉरमॅट-अलाइन-राइट’ घातले की बटण पट्टीच्या उजव्या टोकाला जाते, आणि शेजारी ‘टॅब-बार-फॉरमॅट-ग्लोबल’ घातले तर वेळ किंवा बॅटरीची स्थितीही तिथेच येते. टर्मिनलमध्ये क्लिक चालण्यासाठी ‘एक्सटर्म-माऊस-मोड’ चालू असावा. कंट्रोल-टॅब ही कळ अनेक टर्मिनल ईमॅक्सपर्यंत पोहोचवतच नाहीत, तिथे कंट्रोल-एक्स टी ओ वर विसंबावे.

ओळी कुठे लिहाव्यात याचाही विचार करावा. टूलबार मुळीच नको असेल तर ती दिसून मग नाहीशी होण्यापेक्षा मुळातच येऊ नये म्हणून अर्ली-इनिट फाइलमध्ये ‘डिफॉल्ट-फ्रेम-अलिस्ट’मध्ये टूल-बार-लाइन्स शून्य करावे. ही फाइल पहिली फ्रेम तयार होण्याच्या आधी वाचली जाते. बाकी सर्व सेटिंग नेहमीच्या इनिट फाइलमध्ये असावे. ‘डेस्कटॉप-सेव्ह-मोड’ चालू ठेवला तर ईमॅक्स बंद करून पुन्हा सुरू केल्यावर टॅब, त्यांची नावे आणि प्रत्येकातली मांडणी परत येते. फाइलींचे बफर आपोआप उघडतात, परंतु पायथनच्या शेलसारखे बफर, ज्यांच्यामागे चालू प्रक्रिया असते, ते परत येत नाहीत. म्हणून पायथनच्या टॅबमधली शेलची विंडो रोज सकाळी रन-पायथन देऊन भरून घ्यावी लागेल.